उभ्याउभ्या गेलेली माणसं

वैजू,

तुझ्या तेराव्याला जेवायला आलेल्यांपैकी निम्म्या माणसांनी मला एकच वाक्य ऐकवलं. "पुण्यवान हो तुमची बहीण. चालता-बोलता गेली. अंथरुणाला खिळणं नाही, कुणाकडून करून घेणं नाही." एक गृहस्थ तर म्हणाले, "असं मरण मागून मिळत नाही." मी त्यांच्या पानात जिलबी वाढत होते. माझ्या जागी तू असतीस तर म्हणाली असतीस, "मागून तर बघा काका, रांग काही फार मोठी नाहीये." मला नाही जमलं. मी त्यांना अजून एक जिलबी वाढली.

तू आमच्या घरात गेलीस. खडकीच्या क्वार्टरमध्ये, माझ्या ऋचाच्या घरच्या केळवणाला. सकाळपासून माझ्याबरोबर पुरण वाटत होतीस. दुपारी पानं मांडली, ऋचाला ओवाळलं, आणि तू पोळ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून येत होतीस. खाली रस्त्यावरून कुणाच्या तरी लग्नाची मिरवणूक चालली होती. त्यांनी नेमकी आमच्या खिडकीखाली फटाक्यांची माळ लावली. तू दचकलीस. "अगं बाई," म्हणालीस आणि हसलीस. ताट नीट टेबलावर ठेवलंस. मग खुर्ची धरायला हात पुढे केलास, आणि तो हात खुर्चीपर्यंत पोचला नाही.

ह्यांनी फॅक्टरीत शिकवलेलं सगळं केलं. छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्याच्या दारात जो तो 'हार्ट अटॅक, हार्ट अटॅक' म्हणत होता. मी एकटी गप्प होते, कारण हे मरण मला माहीत होतं. तूच तर मला ते सांगितलं होतंस, एकदा नाही, पुष्कळदा. फक्त तुझ्या गोष्टीतल्या माणसांची नावं इंग्रजी होती.

तुझं काम लोकांना समजावून सांगताना माझ्या नेहमी नाकी नऊ यायचे. "वैजयंती काय करते हल्ली?" "अमेरिकेतल्या लोकांचे पूर्वज शोधते." "कुठे, अमेरिकेत?" "नाही, हिंजवडीत." यावर समोरचा माणूस एकतर हसायचा, नाहीतर माझं डोकं ठिकाणावर आहे ना ते बघायचा. शाळेत इतिहास शिकवून तू कंटाळलीस (तुझ्या शब्दांत, "इतिहासाला नाही, शाळेला"), आणि पन्नाशीच्या तोंडावर कोथरूडहून कंपनीच्या बसने हिंजवडीला जायला लागलीस. तिथे पडद्यावर जुन्या चर्चमधल्या बारशांच्या आणि मयतांच्या नोंदी यायच्या, मृत्युपत्रं यायची, थडग्यांचे फोटो यायचे. त्यातून तुम्ही सिद्ध करून द्यायचं की अमुक बाई ही सुरुवातीच्या बोटींतून इंग्लंडहून तिकडे जाऊन वसलेल्या तमुक माणसाचीच वंशज आहे. अशा वंशजांची तिकडे मंडळं असतात म्हणे, आणि त्यांत शिरायला पुरावा लागतो. "म्हणजे मी त्र्यंबकेश्वरचा भटजी झाले," तू म्हणायचीस. "या यजमान, गाव सांगा, कुळ सांगा, तुमच्या खापरपणजोबांची सही दाखवतो. दक्षिणा तेवढी कंपनीला."

त्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईंचं काम तुझ्याकडे आलं तेव्हापासून आमच्या रविवारांना रंग चढला. घराण्याचं खरं नाव बाहेर सांगायचं नाही, असा ऑफिसचा नियम, आणि तू नियमाला पक्की. मग तू त्यांचं आपल्या पद्धतीने नाव ठेवलंस. बोटीतून आले म्हणून बोटकर. दर रविवारी तू माझ्याकडे यायचीस आणि बोटकरांच्या बातम्या सांगायचीस, जसे काही ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत होते. मूळ पुरुष सुतार. ऐन थंडीत उतरला, पहिली बायको त्याच थंडीत गेली, दुसरी केली. थोरल्या मुलाने कुंपणावरून शेजाऱ्याशी आयुष्यभर कोर्टकचेऱ्या केल्या. "म्हणजे मूळचा सदाशिव पेठेतला," हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. एका जावयाने सासऱ्याची गाय नेली आणि परतच केली नाही. ऋचा विचारायची, "मावशी, त्या गायीचं काय झालं पुढे?" आणि तू गंभीर चेहऱ्याने सांगायचीस, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

काम खरं म्हणजे सरळ होतं. बाईंपासून वर चढत जायचं, बापाचा बाप, त्याचा बाप, असं थेट सुतारापर्यंत. वाटेत ज्या मुली लागतील त्यांच्या नावापुढे लग्नाची नोंद करायची आणि ती फांदी बंद करायची. 'फांदी बंद करणं' हा तुमच्या ऑफिसातला शब्द. मुलीचं आडनाव बदललं की ती आपल्या कामाची नाही. तुला हे पहिल्या दिवसापासून खुपलं. "सुमे, मुली म्हणजे काय वाळकी पानं आहेत का?" मी म्हटलं, अगं, आपल्याकडेही तेच करतात. आपल्या आया सख्ख्या बहिणी, पण तुमच्या घराण्याच्या वंशावळीत मी नाही आणि आमच्यात तू नाहीस. "म्हणूनच," तू म्हणालीस. जेवणाच्या सुट्टीत, बस यायला उशीर असला की, तू त्या बंद फांद्या उघडून बघायला लागलीस. सुताराची धाकटी मुलगी, तिच्या मुली, त्यांच्या मुली. दर पिढीला नवं आडनाव. तुझी चिकाटी मला लहानपणापासून माहीत आहे. पत्र्याच्या डब्यात हरवलेलं एक बटण शोधायला तू अख्खा डबा अंगणात ओतायचीस.

आणि मग रविवारच्या बातम्या बदलल्या.

त्या धाकट्या मुलीची एक नात चर्चमध्ये गेली. आजारी नव्हती. बाकावर बसलेली, प्रार्थनेला उठायचं म्हणून उठली आणि खाली आली. तिचा भाचा पोहण्यात तरबेज, गावच्या तळ्यात गेला. तळं एवढंसं, गुरं डुंबायची त्यात. पुढे एक बाई दारावर कुणी जोरात थाप मारली म्हणून दचकून उठली आणि दारापर्यंत पोचलीच नाही. तू सांगत होतीस आणि आम्ही हसायला विसरलो. मुलग्यांच्या फांदीवर सगळे म्हातारे होऊन, खोकून-कण्हून, मृत्युपत्रं चारदा बदलून मेले होते. मुलींच्या फांदीवर दर पिढीला एक-दोन माणसं भर उमेदीत अशी जात होती, आणि आडनाव वेगळं असल्यामुळे ते मरण दरवेळी दुसऱ्याच्याच घरचं धरलं जात होतं. नोंदीत दुःखसुद्धा फार नसायचं. "देवाने अचानक बोलावलं", "यातना झाल्या नाहीत", असं काहीबाही कौतुकाने लिहिलेलं.

आणि त्याच फांदीतली एक मुलगी पुढे बोटकरांकडेच सून होऊन आली होती, ती त्या बाईंची आजी. तू ऑफिसात वरिष्ठांना सांगितलंस, हे बाईंना कळवायला हवं. ते म्हणाले, क्लायंटने हे विचारलेलं नाही. तेही चूक नव्हते, त्यांना मंडळाच्या प्रवेशाचा पुरावा हवा होता, तो तू दिला होतास. मीसुद्धा तुझ्याशी भांडले. म्हटलं, तुला काय करायचंय, सातासमुद्रापलीकडची माणसं, त्यांचे डॉक्टर ते बघतील. तू ऐकलं नाहीस. शेवटी आडवळणाने परवानगी काढून तू त्या बाईंना सगळं कळवलंस. त्यांचं उत्तर तू मला वाचून दाखवलंस. फार गोड बाई असाव्यात. लिहिलं होतं की आजीच्या माहेरची माणसं देवाला फार आवडतात, असं त्यांच्याकडे पूर्वीपासून म्हणतात, आणि ती अशी झटकन जातात याचा सगळ्यांना अभिमानच आहे. नातीचं कौतुक होतं, कॉलेजच्या पोहण्याच्या संघात निवड झालेली. तू वाचून हसलीस. मग एकदम थांबलीस. तू त्यांना पुन्हा लिहिलंस, नातीला डॉक्टरकडे न्या म्हणून. त्याचं उत्तर तू जाईपर्यंत आलेलं नव्हतं. त्या मुलीचं काय झालं ते आता मला कधीच कळणार नाही, आणि वैजू, न पाहिलेल्या त्या पोरीसाठी मला भीती वाटते.

त्याच दिवशी चहा घेताना तू विचारलंस, "सुमे, तुझी आई कशी गेली गं?"

मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? तुला ठाऊक आहे. ओट्याशी भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला म्हणून आम्ही आत गेलो. "पुण्यवान होती," मी म्हटलं, सवयीनं. लहानपणापासून आपण हेच ऐकलंय. इतर घराण्यांना जमीनजुमल्याचा नाहीतर देखणेपणाचा अभिमान असतो, आपल्या आजोळाला मरणाचा. 'आमच्याकडे माणसं उभ्याउभ्या जातात.' तुझी आई, माझी मावशी, हे वाक्य पाहुण्यांना सांगताना पदर सावरून बसायची. तू कपातला चहा तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिलीस, आणि मला पहिल्यांदा तुझ्या बोटकरांचा राग आला.

मग तू आपल्या आजीच्या मागे लागलीस. बोटकरांच्या पणज्या-खापरपणज्यांची माहेरची नावं तुला तोंडपाठ होती. आपल्या सख्ख्या आजीचं माहेरचं नाव मात्र कुणाला सांगता येईना. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि आधीचं गेलं ते गेलंच. मावशीला एवढंच आठवत होतं की माहेर हिंजवडीच्या अंगाला. तू रोज नोकरीला जायचीस तिथंच!

आपण दोघी गेलो त्या आबांकडे, आठवतंय? आजीच्या चुलतभावाचा मुलगा. खाली स्वतः, वर तीन मजले आयटीतल्या पोरांना भाड्याने दिलेले, दारात पांढरी मोठी गाडी. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

"आत्याचं नाव?" आबा म्हणाले. "हितं समदी तिला बाबीच म्हनायची. खरं नाव काय हुतं कुनाला ठावं."

तू विचारलंस, "आणि तिचा तो भाऊ, विहिरीत गेलेला? आई सांगते कधीकधी."

"दगडू. पट्टीचा पवनारा हुता त्यो. उन्हाळ्याच्या दिसात उडी मारली, ती मारलीच. पान्यातल्या आसरांनी वढला खाली."

"पाणी किती होतं हो विहिरीत?"

आबांनी हात छातीशी धरून दाखवला. "उन्हाळ्यात किती असनार? मधली बहीन बी तशीच ग्येली, चुलीम्होरं. पर एक सांगतो बाई, आत्याच्या घरात अंथरुनात कुनी कुजलं न्हाय. देवाची किरपा हाय."

मी विचारलं, ती विहीर कुठे आहे. कशाला विचारलं कुणास ठाऊक. आबा म्हणाले, कवाच बुजवली, त्या काचेच्या बिल्डिंगीचं पार्किंग हाय तिथं. तू हळूच म्हणालीस, "आमची बस तिथंच थांबते." परतताना तू रिक्षात माझा हात धरून बसली होतीस. आपण दोघी शाळेतल्या असताना शेवटचं असं बसलो असू.

त्यानंतर आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. तू म्हणालीस, ऋचाच्या हृदयाची पट्टी काढ, ईसीजी, लग्नाआधी काढ. मी म्हटलं, आधी तू काढ. तुझ्यात काही निघालं तर आम्ही दोघीही जाऊ. मला वाटलं, सरळ हिशेब आहे. साखरपुडा झालेल्या पोरीला उगाच दवाखान्यात नेऊन कुणाच्या कानावर जावं कशाला? तू "हो" म्हणालीस आणि गेली नाहीस. कधी मावशीचे गुडघे, कधी ऑफिसात काम, कधी "अगं, कंपनीची वार्षिक तपासणी आहेच." अमेरिकेतल्या परक्या पोरीला डॉक्टरकडे जा म्हणून दोनदा लिहिणारी तू, स्वतः कोथरूडच्या कोपऱ्यावर जाऊन दहा मिनिटं झोपायला तयार नाहीस! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी तुला तोंडावर म्हटलं होतं हे, आणि आजही म्हणते. मला तुझा राग येतो, वैजू. रडता रडता येतो आणि मग रडणं थांबतं.

केळवणाच्या सकाळी पुरण वाटताना मी शेवटचं विचारलं, का जात नाहीस? तू पुरणयंत्राचा दांडा फिरवायची थांबलीस. म्हणालीस, "पट्टीवर दिसलं तर आईला काय सांगू? तुझ्याकडून आलं म्हणून? ती त्या दिवसापासून जेवणार नाही." मी काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात ऋचा साडीच्या निऱ्या धरून आत आली, "मावशी, पिन लाव ना." तू हात धुतलेस आणि गेलीस. मी काय म्हणणार होते ते मला खरंच आठवत नाही. बहुधा, मावशीला सांगायची गरजच काय, असं काहीतरी. इतकं साधं उत्तर होतं.

मावशीला सांगायला कोथरूडला मीच गेले. ती खिडकीशी मटार सोलत बसली होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. रडली नाही. तिने फक्त विचारलं, "उभ्याउभ्या?" मी म्हटलं, हो. तिने मान हलवली, जणू पोरगी घराण्याला शोभेल अशी वागली होती.

आता तेराव्याचं उरलेलं सांगते. जेवणं होत आली होती. ऋचाच्या सासरची मंडळी आली होती. ऋचाचा होणारा नवरा ओंकार, त्याच्या आई माझ्याजवळ येऊन बसल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला. चांगल्या आहेत गं त्या. म्हणाल्या, "अहो सुमनताई, नका इतकं लावून घेऊ. अन्न वाढता वाढता गेल्या. केवढं पुण्य असेल त्यांच्या गाठीशी."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पुण्य नाहीये हो ते. आजार आहे. आमच्या आजीकडून आलाय. तिच्या भावाला होता, माझ्या आईला होता, वैजूला होता. मला असेल. ऋचालाही असेल."

कुणीतरी पाण्याचा जग खाली ठेवला त्याचासुद्धा आवाज आला. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता तसाच राहिला आणि मग हळूच गेला. ऋचा ताक वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई बरोबर सांगतेय. आम्ही उद्या डॉक्टरांकडे जातोय." आमचं असं काही ठरलं नव्हतं. माझी पोरगी तुझ्यावर गेली आहे, हे मला त्या क्षणी कळलं आणि अभिमान वाटण्याऐवजी धडकीच भरली.

मावशी आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिला हल्ली कमी ऐकू येतं. पण त्या दिवसापासून ती तुझ्या फोटोकडे पाठ करून बसते, आणि विचारलं तर सांगते, उजेड डोळ्यावर येतो.

डॉक्टर बाई तरुण होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आई, दगडू, चुलीपुढची बहीण, तू, ती माळ. वाटलं होतं हसतील. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि काढायला लागल्या. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. वरती आजीचा गोल, खाली आपल्या दोघींच्या आयांचे, त्यांच्याखाली तू आणि मी शेजारी शेजारी, माझ्याखाली ऋचा. वैजू, जन्मात पहिल्यांदा आपण दोघी एका वंशावळीत आलो. गेलेल्या माणसावर त्या तिरकी रेघ मारत होत्या. तुझ्या गोलाशी आल्या तेव्हा मी म्हटलं, "जरा हलक्या हाताने मारा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खरंच हलक्या हाताने मारली.

आधी माझी पट्टी काढली, मग ऋचाची. हृदयातल्या विजेचा दोष असतो, त्यांनी सांगितलं. ठोका पडल्यावर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जरा जास्त वेळ लागतो, आणि नेमक्या त्या वेळात दचकलं, पळालं, पोहायला उडी मारली, की लय बिघडू शकते. काही माणसं हा दोष घेऊन म्हातारी होतात. म्हणजे मावशी, आणि आजी. काही होत नाहीत. माझी पट्टी काठावरची आहे. ऋचाची काठावरची नाही. रक्ताचा रिपोर्ट यायचाय, पण बाई म्हणाल्या, पट्टीच पुरेशी स्पष्ट आहे. रोज गोळी घ्यायची, कधीच चुकवायची नाही, काही औषधं चालणार नाहीत, एकटीने पोहायचं नाही. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. वेळ कुणी गाठून दिली, ते त्यांना काय सांगणार?

आम्ही दारावरची बेल काढून टाकली आहे. फोन नुसते थरथरतात. हे कुकरच्या शिट्टीआधी जाऊन गॅस बारीक करतात. खाली कुणाची मिरवणूक दिसली की मी खिडक्या लावते आणि ऋचा आतून ओरडते, "आई, मी काचेची आहे का?"

ओंकारच्या आईंचा परवा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, "होणाऱ्या मुलांना येऊ शकतं का हो हे?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, येऊ शकतं, दोघांतल्या एकाला. त्या म्हणाल्या, "घरात बोलते." तारीख पुढे गेली आहे, किती पुढे ते कुणी सांगत नाही. ओंकार मात्र येतो. काल आला आणि डॉक्टरांनी सांगितलेली छाती दाबण्याची पद्धत ह्यांच्याकडून शिकून गेला, उशीवर. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. बरं वाटलं म्हणून की भीती वाटली म्हणून, माझं मला समजलं नाही.

तुझे आभार मानायला बसले होते मी. तू फांद्या बंद केल्या असत्यास तर आज मीही ऋचाच्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन तुझ्या पुण्याईच्या गोष्टी सांगत फिरले असते. आभार मानते आणि लगेच मनात येतं, दहा मिनिटं झोपायचं होतं गं नुसतं. हे दोन्ही माझ्यात रोज भांडतात. तुझ्या-माझ्यासारखंच, कुणी हरत नाही.

सकाळी ऋचा आंघोळीला जाते तेव्हा मी बाथरूमच्या दाराशी काहीतरी काम काढते. टॉवेलच्या घड्या, चपला सरळ करणं. आतून पाण्याचा आवाज येत असतो तोवर बरं असतं. तांब्या वाजतो, पाणी पडतं, तांब्या वाजतो. मध्येच आवाज थांबतो. ती केसांना साबण लावत असेल, मला कळतं. तरी हातातली घडी तशीच राहते. हाक मारायची नाही, दचकेल. दार वाजवायचं नाही. मी नुसती उभी राहते, वैजू. तिला आता माहीत झालंय मी तिथे असते. थोड्या वेळाने आतून आवाज येतो, हळू, मला दचकवायचं नाही म्हणून.

"आहे गं, आई."